फोर बाय फोर टाकूनही गाडी का रुतली?

पत्र असं आहे:

"मी पशुवैद्यक आहे. कऱ्हाडला राहते आणि पाटण तालुक्यातल्या वरच्या वाड्यांवर जनावरं तपासायला जाते. पावसाळ्यात स्कूटर झेपेना, म्हणून गेल्या वर्षी मारुतीची जिम्नी घेतली. मॅन्युअल गिअरची. शोरूममधून आली तशीच आहे, काही बदललेलं नाही. जुलैमध्ये आमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याकडे जाताना पाणंदीत गाडी रुतली. फोर बाय फोर टाकलं होतं, तरी रुतली. ट्रॅक्टरनं ओढताना साखळी बंपरला अडकवली आणि बंपर निघून हातात आला. आता दीर म्हणतात, मोठे टायर, गाडी दोन इंच उचलणारी लिफ्ट आणि रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच बसवल्याशिवाय असल्या रस्त्याला जायचंच नाही. दुकानदारानं दीड लाखाचा आकडा सांगितला. हे खरंच लागतं का? नाही तर सुरुवात कुठून करू? आणि मला एकटीला जाता येईल का?"

डॉक्टर,

दीड लाख रुपये बँकेत राहू द्या. तुमच्या कामासाठी तुमची गाडी आहे तशी पुरेशी आहे. ती नेमकी कशी चालते हे तुम्हाला कोणी समजावलं नाही, एवढंच कमी पडलं. विकणारा दहा मिनिटांत लिव्हर दाखवतो, किल्ली हातात देतो आणि पेढे वाटून होतात. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

फोर बाय फोर टाकलं की चारही चाकांना सारखी ताकद जाते असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. लिव्हर ४एचवर, म्हणजे फोर बाय फोरच्या नेहमीच्या वेगाच्या खुणेवर घेतली की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणारे दोन दांडे, म्हणजे शाफ्ट, एकमेकांना बांधले जातात. पण पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक डिफरन्शियल आहे आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये दुसरं. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, ते कापता यावं म्हणून डिफरन्शियल असतं. पण त्याचा स्वभाव असा, की एका बाजूचं चाक सुटलं तर दुसऱ्या बाजूलाही तेवढीच तुटपुंजी ताकद पोचते. म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक चिखलात गरगर फिरत राहतं, उरलेली दोन कोरड्यावर असूनही गप्प उभी असतात. गाडी जागची हलत नाही. तुमच्या पाणंदीत बहुधा हेच झालं. गाडी हलत नाही म्हणून आपण ॲक्सिलेटर दाबतो, फिरणारी चाकं आणखी खोल जातात, आणि शेवटी डिफरन्शियलचा गोळा मातीवर टेकतो. मग चाकांवर वजनच उरत नाही. त्यानंतर दहा इंच मोठे टायर असते तरी ते हवेतच फिरले असते.

यावर तुमच्या गाडीत एक तोड आहे. सुटलेल्या चाकाला ती आपोआप ब्रेक लावते, आणि त्यामुळे ताकद दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे वळते. ४एलमध्ये, म्हणजे फोर बाय फोरच्या सावकाश पण जास्त जोराच्या रेंजमध्ये, हे काम ती जास्त जोरात करते. फक्त त्या वेळी खालून घरघर, टकटक असा आवाज येतो. नवा माणूस तो ऐकून घाबरतो आणि पाय काढून घेतो, तिथंच गाडी बसते. पाय काढू नका. ॲक्सिलेटर थोडाच पण एकसारखा धरून ठेवा, दोन-तीन सेकंद थांबा. ब्रेकला चाक पकडायला तेवढा वेळ लागतो. एवढ्या वेळात गाडी इंचभरही सरकली नाही, तर मात्र सोडा आणि खाली उतरा. चाकं फिरतायत आणि गाडी जागेवर आहे, अशा अवस्थेतला प्रत्येक सेकंद खड्डा खणण्यात जातो.

४एल कधी? वाट बिघडण्याआधी. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये लिव्हर ४एलवर घ्या. रुतल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो. ४एलमध्ये गाडी मुंगीच्या चालीनं जाते आणि इंजिन मात्र आरामात फिरत असतं. त्यामुळे क्लच अर्धा दाबून गाडी रेटायची वेळ येत नाही. क्लच प्लेट जळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, लोक चढावर हाय रेंजमध्ये क्लचवर गाडी तोलत बसतात. आणि एक कायम लक्षात असू द्या: पक्क्या, कोरड्या डांबरावर ४एच किंवा ४एल नको. या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं जास्त फिरतात, तो फरक मातीत चाक घसरून निघून जातो, डांबरावर मात्र निघत नाही आणि सगळा ताण गिअरवर जमा होतो. स्टीअरिंग जड लागलं आणि लिव्हर अडकली, तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटते.

आता गाडीचं अंग ओळखा. एखाद्या रविवारी अंगणात सतरंजी टाका आणि गाडीखाली झोपा, मी हे गमतीनं सांगत नाही. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, २१० मिलिमीटर आहे, पण तो आकडा कुठं मोजलाय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उपयोगाचा नाही. पुढे आणि मागे सबंध एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा आहे आणि दोन्हीवर डिफरन्शियलचा गोळा आहे, गाडीच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला. तो कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा. सबंध एक्सलचा फायदा असा, की चाक दगडावर चढलं की एक्सलही त्याच्याबरोबर वर उचलला जातो. म्हणून वाटेत दगड आला तर तो दोन चाकांच्या मधून काढायचा मोह टाळा, टायर त्याच्यावर चढवा. साध्या मोटारीनं लावलेली सवय याच्या नेमकी उलटी असते. ती मोडायला मला स्वतःला पहिला आख्खा हंगाम लागला होता, आणि तोवर माझ्या एमएम ५४० जीपच्या पोटाला बरेच ओरखडे आले.

पुढचं नाक ३६ अंशांचा चढ घेतं, मागची बाजू ५० अंशांचा उतार सोडते. हे फारच चांगले आकडे आहेत. कमी पडतं ते पोट. पाच दारांच्या या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २५९० मिलिमीटर आहे आणि पोटाचा कोन २४ अंश. म्हणजे उंच बांधावरून पुढची चाकं उतरली आणि मागची चढायची राहिली, की मधला भाग टेकतो. तुमच्याकडच्या पाणंदींना दोन्ही बाजूंनी बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात आणि मध्ये मातीची वरवंड. ट्रॅक्टरची चाकोरी खोल असेल तर तीत उतरायचं नाही. एक चाक वरवंडीवर, दुसरं कडेला, असं चाकोरीच्या डोक्यावरून जायचं. सावकाश, आणि स्टीअरिंगच्या आत अंगठे न गुंतवता. चाक दगडाला आदळलं की स्टीअरिंग उलटं फिरतं आणि आत असलेला अंगठा मुरगळतो.

टायरच्या हवेबद्दल मी जरा जास्तच बोलेन, कारण सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जी हवा लिहिली आहे ती डांबरासाठी. मातीच्या किंवा दगडांच्या वाटेला लागण्याआधी चारही टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, आणि वजन जास्त जागेत विभागलं जातं. सह्याद्रीचा काळा दगड धारेचा असतो. कडक टायर त्याच्यावर आपटतो, मऊ टायर त्याला कवेत घेतो. गाडी कमी उसळते, तुमच्या औषधांच्या बाटल्याही कमी फुटतात. १५च्या खाली जाऊ नका. वळताना टायर रिममधून निसटू शकतो. आणि मऊ टायरची बाजूची भिंत फुगलेली असते, म्हणून बाजूनं दगड घासू देऊ नका. हवा कमी असताना वेग तीसच्या पुढे नको, आणि डांबरावर परत आलात की आधी हवा भरायची, मगच घराकडे निघायचं. यासाठी दोन वस्तू घ्या: हवा मोजायचं चांगलं गेज आणि बॅटरीला लागणारा छोटा कॉम्प्रेसर. दीराच्या यादीतल्या कुठल्याही वस्तूआधी या दोन.

मोठे टायर आणि लिफ्टबद्दल आणखी एक बाजू आहे. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, ब्रेकचं अंतर आणि गिअरिंग बदलतं, आणि कायदाही आड येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल, दोन्हींचा अर्थ असा, की आरसीवर नोंदलेल्या उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याचा दावाही त्यावर अडू शकतो. तुम्ही रोजच्या कामाला ही गाडी वापरणार आहात, हा धोका घेऊ नका. कंपनीचे टायर झिजले की त्याच मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे माती आणि डांबर दोन्हींना चालणारे घ्या, तेवढं पुरे.

मातीकडे येऊ. तुमच्या पट्ट्यात दोन वेगळ्या माती आहेत आणि त्यांना एकाच पद्धतीनं भिडून चालत नाही. नदीकाठची काळी रानं भिजली की फुगतात आणि चिकटतात. टायरच्या खाचा पहिल्या वीस फुटांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. त्या मातीत पाऊस चालू असताना कुठलाच टायर, कुठलाच गिअर उपयोगाचा नाही. तिथं कौशल्य म्हणजे न जाणं. दोन दिवस ऊन पडू द्या, नाही तर मुरमावर गाडी लावा आणि उरलेलं चालत जा. तुमची गाडी जिथं रुतली ती पाणंद याच मातीची असणार. वरच्या वाड्यांची तांबडी माती निराळी. तिचा वरचा थर साबणासारखा निसरडा असतो, पण खाली बऱ्याचदा कठीण जांभा किंवा मुरूम लागतो. तिथं ४एल, दुसरा गिअर आणि संथ, न थांबणारी चाल हे जमतं. पाय हलका ठेवला तर टायर वरचा थर कापून खालचा कठीण थर पकडतो.

हे ओळखायचं कसं? चालून. नवी वाट दिसली की गाडी थांबवा, उतरा आणि ती पूर्ण चालून या. टाच रोवून बघा किती आत जाते. दगड कुठं आहे, पाणी कुठून वाहतंय, वळायला जागा आहे का आणि परत मागे यायचं झालं तर कसं यायचं, हे पायांनी ठरवा. मी तीस वर्षं हे करतोय आणि अजूनही उतरून चालतो. ओळखीच्या वाटेवरही चालतो, कारण एका पावसात वाट बदलते. शेतकऱ्याला विचारा, तो बांधावर उभा राहून तुम्हाला कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं सांगेल की ट्रॅक्टर काल कुठं घसरला.

सराव दिवाळीनंतर सुरू करा, जमीन वाळलेली आणि पिकं निघालेली असताना, ओळखीच्या माणसाच्या पड रानात आणि त्याची परवानगी घेऊन. पहिले दोन रविवार फक्त ४एलमध्ये पहिल्या गिअरवर, पाय ब्रेकवर आणि ॲक्सिलेटरवर न ठेवता, गाडी नुसती सोडून द्या. ती स्वतःच्या इंजिनवर किती चढते आणि उतारावर स्वतःला कशी धरून ठेवते, ते अंगात मुरू द्या. उतरताना क्लच दाबू नका. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी मोकळी धावते. उतारावर ब्रेकवर उभं राहिलात तर निसरड्या मातीवर चाकं अडकून घसरतात. गाडी आडवी व्हायला लागली तर, मन नको म्हणत असतानाही, ॲक्सिलेटरचा किंचित स्पर्श द्या, चाकं पुन्हा फिरू लागतात आणि ती सरळ होते.

तिसऱ्या-चौथ्या वेळी एक ठरवून अयशस्वी चढ करा. याचा सराव फार थोडे लोक करतात आणि गाड्या उलटतात त्या इथंच. मध्यम चढावर मुद्दाम इंजिन बंद पडू द्या. पाय ब्रेकवर घट्ट, हँडब्रेक वर. क्लच दाबून रिव्हर्स गिअर टाका, इंजिन चालू करा, हँडब्रेक खाली घ्या, मग ब्रेक हळूहळू सोडत क्लच पूर्ण सोडा आणि आरशात बघत, सरळ रेषेत मागे या. वळवायचा विचारसुद्धा करू नका. चढावर आडवी झालेली गाडी कोलांटी घेते. माझ्या समोर एकदा भोरकडच्या एका टेकडीवर एका तरुणानं घाबरून गाडी न्यूट्रलवर टाकली आणि मागे येता येता स्टीअरिंग फिरवलं. पट्टा लावलेला होता म्हणून तो बचावला. त्या दिवसापासून मी कुणालाही शिकवताना चढण्याआधी मागे उतरायला शिकवतो.

शिकायला माणूस हवा असेल तर इगतपुरीजवळ ऑफ-रोड शिकवण्यासाठी महिंद्रानं खास जागा केलेली आहे. वर्ग कधी भरतात आणि दुसऱ्या कंपनीची गाडी चालते का, हे आधी विचारून घ्या. दोन दिवस अनुभवी माणसाच्या शेजारी बसलात तर दोन वर्षांच्या चुका वाचतात.

ओढ्यांबद्दल थोडक्यात, पण कडक. तळ दिसत नसेल तर आधी काठी घेऊन चालून जा. तुम्हाला चालत पार होता येत नसेल तर गाडीलाही होता येणार नाही. सुरुवातीला पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तेवढंच. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, तर वर डोंगरात पाऊस पडतोय. थांबा, लोंढा येईल. पाण्यात शिरल्यावर गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, एकच सावकाश चाल. इंजिन पाण्यात बंद पडलं तर परत चालू करायचा प्रयत्न करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च इंजिनाचा होतो. पलीकडे गेल्यावर दोन-चार वेळा ब्रेक दाबून सुकवा, आणि पाण्यात बराच वेळ होतात तर डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या. ते दुधासारखं झालं असेल तर बदलायचं.

आता तुमचा बंपर. तुटला तो बंपरच होता, यावर समाधान माना. साखळी किंवा दोरी नको त्या ठिकाणी अडकवली आणि सुटली, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी येते आणि माणूस मारते. गाडीचे टो हुक चॅसिसला आहेत, ते मॅन्युअलमध्ये दाखवले आहेत. आधीच शोधून ठेवा आणि त्यांच्यावर लाल रंगाचा ठिपका लावा, म्हणजे मदतीला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यालाही दिसेल. ४.७५ टन लिहिलेल्या दोन बो-शॅकल, म्हणजे पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या, एक चांगला टो पट्टा, एक फावडं, एक जाड पोतं. एवढं सामान डिकीत कायम. ओढताना पट्ट्यावर मध्यभागी ते पोतं टाका, आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. पट्टा हळू ताणायचा, झटका द्यायचा नाही. आणि ट्रॅक्टर बोलवण्याआधी फावड्यानं चाकांपुढची माती काढा, टायरची हवा आणखी थोडी उतरवा, चाकांखाली उसाचं पाचट, फांद्या किंवा चपटे दगड घाला आणि ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं मागे या. दहापैकी बऱ्याच वेळा एवढ्यावर गाडी निघते. विंचची गरज उरत नाही.

जागेचं मला मनापासून सांगायचं आहे. तुमच्या तालुक्याला लागून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, कोयना अभयारण्य त्यात येतं. परवानगीशिवाय वनहद्दीत गाडी घालणं गुन्हा आहे. पण वनहद्दीबाहेरही टाळायच्या जागा आहेत. जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पावसाळ्यात जी फुलं येतात ती बोटभर मातीत उगवतात, एका गाडीच्या चाकोरीनं ती जागा वर्षानुवर्षं उघडी पडते. कोणी मित्रमंडळी "चल, पठारावर जाऊ" म्हणाली तर जाऊ नका. कोकणातल्या वाळूवरही नाही. वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि घरटं वरून दिसत नाही. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात, तुम्हाला यापुढे सांगायची गरज नाही.

शेवटचा प्रश्न, एकटीला जाता येईल का. शिकताना नाही. शिकताना दुसरी गाडी किंवा निदान दोन माणसं बरोबर हवीत. बाई म्हणून नव्हे, हाच नियम मी माझ्या मुलालाही लावतो. कामावर जाताना मात्र हो, जाता येईल, पण चालून पाहिलेल्या, स्वतः कोरड्यात दोनदा गाडीनं केलेल्या वाटेवरच. निघताना वाडीतल्या माणसाला फोन करून वाटेची खबर घ्या आणि किती वाजता पोचाल ते सांगा. वेळेत पोचला नाहीत तर कुठून शोधायला सुरुवात करायची, हेही त्याला माहीत असू द्या. प्यायचं पाणी, टॉर्च, गमबूट गाडीत ठेवा. आणि प्रत्येक वाडीच्या खाली एक जागा ठरवून ठेवा, मुरमाची, सपाट, जिथं गाडी लावून पिशवी खांद्याला अडकवता येईल. म्हैस अडली आहे म्हणून रात्री अकराला फोन आला आणि पाऊस कोसळत असला, तर त्या जागेपर्यंत गाडीनं जा. तिथून पुढे वाडीतलं कोणीतरी कंदील घेऊन खाली येईलच.